दीडशे अक्षरांतले वाळवण

आमच्या वेळी नागपुरात महाविद्यालयातील प्रवेश हा सूचनाफलकावर लावलेल्या यादीचा विषय होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकल भिंतीला टेकवायची, टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या नावांवरून बोट खाली सरकवत न्यायचे आणि ते कागदाच्या तळाशी पोहोचले की घरी काय सांगायचे याची जुळवाजुळव करीत परतायचे. त्या यादीला आमच्या स्वभावाशी काही कर्तव्य नव्हते, आणि खरे तर आम्हालाही ते सोयीचेच होते.

कन्येने मात्र अमेरिकेतील महाविद्यालयांना अर्ज करायचे ठरवले आणि धरमपेठेतील आमच्या घराची झडती सुरू झाली. तेथील नामांकित महाविद्यालये नववीपासूनची प्रगतिपत्रके मागतात, कोणते विषय घेतले ते पाहतात, काही ठिकाणी सॅट या प्रवेशपरीक्षेचे १६०० पैकी गुणही लागतात. परंतु हार्वर्डसारख्या ठिकाणी अलीकडे शंभर अर्जदारांतील जेमतेम चौघांना जागा मिळते आणि नाकारलेल्यांतही पुष्कळांचे गुण उत्तमच असतात. म्हणून ‘मुलगी आहे तरी कशी?’ ही चौकशी सुरू होते. स्थळ पाहायला येणारी मंडळीदेखील इतक्या खोलात शिरत नाहीत.

‘कॉमन अ‍ॅप’ नावाच्या सामायिक अर्जात दहा उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे मिळतात, मोकळी जागा धरून. घरातील जबाबदाऱ्याही त्यात चालतात असे कळताच मी, मे महिन्यात आजीच्या कुरड्या गच्चीवर राखण्याच्या कन्येच्या कामाचे, ‘कुटुंबाच्या अन्नसाठ्याचे पक्ष्यांपासून यशस्वीरीत्या संरक्षण’ अशा थाटाचे इंग्रजी वर्णन रचले. ते तेरा अक्षरांनी जास्त भरले.

शिक्षकांच्या शिफारशीचे प्रकरण निराळेच. पत्र वाचण्याचा हक्क विद्यार्थ्याने आधीच सोडून द्यावा, अशी तेथे रीत आहे. ‘सरासरीपेक्षा कमी’पासून ‘माझ्या कारकिर्दीत आढळलेल्या मोजक्यांपैकी एक’पर्यंतच्या रकान्यांत शिक्षकांनी खूण करायची असते. तिच्या सरांनी आयुष्यात कोणालाही ‘चांगला’च्या वर चढवलेले नसल्यामुळे त्या बंद पत्रात काय असेल, या विचाराने आम्ही दोघे नवराबायको अजून झोपेतून दचकून उठतो. आईवडिलांचे शिक्षण कोठे झाले, हेही विचारलेले होते. काही महाविद्यालयांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप मिळते. एमआयटीत ते मिळत नाही असे वाचल्यावर मला त्या संस्थेविषयी एकाएकी आपुलकी वाटू लागली.

खरी कसोटी ६५० शब्दांच्या निबंधाची होती. दिलेल्या विषयांपैकी एक आपल्या अपयशाविषयीचा होता, आणि तोच कन्येच्या मनात भरला. मुलीला काही कमी पडू नये म्हणून अठरा वर्षे आम्ही झटलो, त्यामुळे घरात अपयश म्हणून शोधायला गेलो तर फक्त माझीच सापडू लागली. ती मी उदार मनाने देऊ केली. “बाबा, निबंध माझा आहे,” ती म्हणाली.

इतका वेळ सुपारी कातरत बसलेल्या माझ्या आईने मान वर केली. “काऊन वं, मागच्या उन्हाळ्यात तू फोन पाहत बसली, अन् कावळ्यानं अर्ध्या कुरड्या नेल्या, ते नाही चालत का?”

कन्या जी लिहायला बसली ती पहाटेपर्यंत उठली नाही. मी मुकाट्याने उपक्रमांच्या रकान्यातील ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द खोडला. इंग्रजीत तो, पुढच्या मोकळ्या जागेसह, नेमका तेरा अक्षरांचा निघाला.