‘निळी’ रेकॉर्ड काळी निघाली, या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की ‘मायनर थ्रेट’ या अमेरिकन पंक बँडची निळी रेकॉर्ड मागवली तर काळी आली, सोबतची लाल मार्बल (रंग संगमरवरासारखे मिसळलेली) तबकडी फोटोसारखी नाही, शिवाय तिला खरखर आहे, म्हणजे ही फसवणूक आहे.

निळ्या रेकॉर्डची चूक पूर्णपणे आमची. यादीत आम्ही नुसतं ‘निळी’ लिहिलं होतं. कव्हर निळं, तबकडी काळी, असं स्पष्ट लिहायला हवं होतं. या रेकॉर्डच्या बाबतीत तर नक्कीच, कारण इथे घोळ होणं सोपं आहे. १९८१ साली आलेल्या दोन सात इंची रेकॉर्ड एकत्र करून डिसकॉर्ड या रेकॉर्ड कंपनीने १९८४ मध्ये ही बारा इंची काढली. पायऱ्यांवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला ॲलेक मकाय, म्हणजे गायक इयनचा धाकटा भाऊ, त्याचा तो एकच फोटो वेगवेगळ्या वेळी लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या कव्हरवर छापला गेला. बँड १९८३ मध्येच फुटलेला, गाणी मोजकी, त्यामुळे जमवणारे कव्हरच्या रंगांच्याही मागे असतात आणि ‘निळी’ म्हणताना बऱ्याचदा कव्हरबद्दलच बोलतात. आम्ही दिवसभर हीच भाषा बोलतो, ती तुम्हालाही माहीत असेल असं धरून चाललो. पाकीट फोडताना तुम्ही निळी तबकडी निघेल म्हणून वाट पाहत होतात. त्या क्षणी काय वाटलं असेल ते मला कळतं, मीही याच बँडच्या रेकॉर्ड जमवतो. मनापासून माफ करा.

मार्बलबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही. दोन रंगांचं गरम पीव्हीसी (तबकडीचं प्लास्टिक) एकत्र करून त्याचा गोळा साच्यांमध्ये दाबतात, तेव्हा रंग मधून कडेकडे पसरत जातात. त्यामुळे दोन प्रती सारख्या निघतच नाहीत. फोटो नमुन्याचा आहे, हे त्याच्याखाली लिहिलेलं होतं. पुढच्या वेळी विचारलंत तर तुम्हाला मिळणार त्याच प्रतीचा फोटो काढून पाठवीन.

रंगीत म्हणजे खरखर येणारच, असंही तुम्ही लिहिलंय. पीव्हीसी मुळात जवळजवळ रंगहीन असतं, काळा रंगसुद्धा त्यात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घालूनच येतो, म्हणून नुसत्या रंगामुळे खरखर येते असं नाही. चित्र असलेल्या आणि अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांना आवाज जास्त येतो हे खरं, पण तुमची त्यांतली नाही. नव्या तबकडीवर कागदी पाकिटातून ओढताना स्थिर वीज साठते आणि धूळ चिकटते. कार्बन फायबरच्या ब्रशने पुसून पुन्हा ऐका. दर फेरीला त्याच जागी टिचकी वाजत असेल तर खाचेत दोष आहे, मग तीही परत घेतो.

निळी तबकडी आज माझ्याकडे नाही, म्हणून बदलून देतो असं म्हणत नाही. काळी परत पाठवा, पूर्ण पैसे आणि येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ. तुमचं वाचल्यावर यादीत कव्हरचा रंग आणि तबकडीचा रंग असे दोन वेगळे रकाने केलेत. सुरुवात याच रेकॉर्डपासून केली.