टिकटिक झाली नाही म्हणून झऱ्याचं पाणी निर्धोक?

एक संदेश सध्या फिरतोय: झऱ्याच्या पाण्याच्या बाटलीला गायगर काउंटर (किरणोत्सार टिपला की टिकटिकणारं यंत्र) लावा. टिकटिक वाढली नाही तर पाणी निर्धोक, वाढली तर अणुभट्टीचा कचरा, शंका आलीच तर उकळून प्या. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, पण पहिला सर्वांत घातक.

'टिकटिक नाही म्हणजे निर्धोक.' किरणोत्साराचे मुख्य प्रकार तीन: अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फा कण पाण्यातच मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत थांबतात. ट्रिटियमचे (किरणोत्सारी हायड्रोजनचे) बीटा कण तर बाटलीची भिंतही ओलांडत नाहीत. उरले गॅमा किरण. समजा, लिटरभर पाण्यात 1 बेक्वेरल आहे, म्हणजे सेकंदाला एक विघटन. शंभरातला एक किरण यंत्राच्या नळीपर्यंत गेला आणि गेलेल्या शंभरातला एक नळीने टिपला, तर पावणेतीन तासांत एक टिक! तेवढ्या वेळात भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सारानेच, मिनिटाला 20 वेळा धरलं तरी, तीन हजारांहून जास्त वेळा टिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक चाळणीची मर्यादा एकूण अल्फासाठी लिटरला 0.5 आणि बीटासाठी 1 बेक्वेरल आहे. ती या यंत्राच्या आवाक्यातच नाही.

'टिकटिक वाढली म्हणजे अणुभट्टी.' खडकातल्या युरेनियम-रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सारी वायू पाण्यात उतरतो, ग्रॅनाइटमध्ये विशेष. गफलत वर्णपटातही (किरणांच्या ऊर्जेनुसार काढलेल्या आलेखातही) होते: रेडॉनच्या विघटन-साखळीतल्या बिस्मथ-214 चं शिखर 609 केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), अणुभट्टीत बनणाऱ्या सीझियम-137 चं 662 ला. सोडियम आयोडाइडच्या साध्या शोधकात दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्याच साखळीतल्या शिसे-214 चं 352 चं शिखरही दिसत असेल, तर आधी रेडॉनचा संशय घ्या. बाटली घट्ट बंद ठेवून तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) 3.8 दिवस, त्यामुळे तो दोन टक्क्यांवर येतो. सीझियमचं 30 वर्षं, तो हलत नाही. 352 चं शिखर टिकून राहिलं, तर पाण्यात रेडियम आहे.

'उकळा.' रेडॉन उडतो, पण खोलीच्या हवेत. युरेनियम आणि रेडियम भांड्यातच राहतात.

नमुना घेताना बाटली पाण्याखाली बुडवूनच भरा आणि तिथेच झाकण लावा. बुडबुडा राहिला की रेडॉन त्यात शिरतो आणि आकडा कमी येतो. वेळ लिहून ठेवा, चार दिवसांचा उशीर म्हणजे निम्मा रेडॉन गेला. प्रयोगशाळेत 10 मिलिलिटर पाणी सिरिंजने द्रव-प्रस्फुरकाच्या (किरणोत्साराने चमकणाऱ्या द्रवाच्या) तळाशी हळूच सोडतात, हलवतात आणि तीन तास थांबूनच मोजतात, कारण रेडॉनची अल्पजीवी अपत्यं (त्याच्या विघटनातून बनणारी मूलद्रव्यं) तोवर समतोलात येतात. युरेनियम-रेडियमसाठी दुसरी बाटली, नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली आणलेली, नाहीतर ते भिंतीला चिकटतात. ट्रिटियमच्या बाटलीत मात्र आम्ल घालू नका.