‘ओढा, सहा आठवडे बांधा, मग जोर लावून सरळ करा’: कोपराबद्दलच्या मेसेजला उत्तर

कोपर निखळण्याबद्दलचा एक मेसेज सध्या बराच फिरतोय. आशय असा: ‘दोन हजार वर्षांत यावरचा उपाय बदललेला नाही. जाणकाराने हात ओढून सांधा बसवायचा, सहा आठवडे घट्ट बांधून ठेवायचा, मग जोर लावून सरळ करायचा. एक्स-रे, सीटी, ऑपरेशन ही सगळी बिलं वाढवायची कामं.’ सोबत पुरावा म्हणून, रडणाऱ्या लहान मुलाचं कोपर क्षणात बसवल्याचा व्हिडिओ. हे मानून कुणी वागलं तर त्याचा हात कायमचा आखडू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दोन हजार वर्षांत काही बदललं नाही.’

सांधा जागेवर बसवण्याची कल्पना जुनी आहे, हे खरं. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेत निखळलेल्या कोपराचे प्रकार आणि ते बसवण्याच्या रीती सांगितल्या आहेत. सुश्रुताने तर कोपर दाबून बसवल्यावर हात पसरायला आणि आखडायला सांगितलं; सहा आठवडे बांधून ठेवण्याला प्राचीनांचा आधार द्यायचा तर आधी हे वाचावं. आजही बहुतेक कोपरं ऑपरेशनशिवायच बसतात. फरक असा की १८४६ नंतर भूल देता येऊ लागली. स्नायू सैल पडले की थोड्या ओढीतही सांधा सरकतो, धसमुसळेपणा करावा लागत नाही.

कोपर नेमकं कसं निखळतं, हे मात्र अलीकडचं ज्ञान आहे. १९९१ मध्ये सर्जन ओ’ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा) निकामी झालं की कोपरापुढचा हात दंडाच्या हाडाखालून फिरत मागे सरकतो. फाटणं बाहेरून सुरू होऊन आतल्या बाजूला पोहोचतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०१३ मध्ये काही डॉक्टरांनी इंटरनेटवरचे पडण्याचे व्हिडिओ तपासले आणि बऱ्याच जणांत आतलं लिगामेंट आधी जात असावं, असं मांडलं. हा वाद अजून मिटलेला नाही.

‘एक्स-रे कशाला, हाताला कळतं.’

काही गोष्टी हाताला खरंच कळतात. कोपर काटकोनात वाकवून बघा: मागचं टोक आणि दोन्ही बाजूंचे हाडाचे उंचवटे मिळून त्रिकोण होतो, आणि हात सरळ केला की तिन्ही एका ओळीत येतात. सांधा निखळला की ही रचना बिघडते. दंडाचं हाड कोपराच्या थोडं वर मोडलं असेल तर ती तशीच राहते. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडण्याआधी वैद्यांचा भरवसा अशाच खुणांवर होता. पण सांध्याच्या पुढच्या कडेचा नखाएवढा टवका उडालाय का, हे बोटांना कळत नाही, आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात. बसवण्याआधी आणि नंतर मनगटाची नाडी आणि बोटांची संवेदना तपासणंही तितकंच गरजेचं, कारण रक्तवाहिनी आणि नसा सांध्याला अगदी लागून जातात.

‘सहा आठवडे घट्ट बांधून ठेवा.’

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. खांद्यात पुन्हा निखळण्याची भीती मोठी असते. हाड न मोडलेल्या कोपरात ती थोडी, आणि आखडण्याची भीती फार. १९८८ मध्ये मेलहॉफ आणि सहकाऱ्यांनी असे ५२ प्रौढ रुग्ण तपासले. कोपर जितके जास्त दिवस बांधलेलं, तितका निकाल वाईट. मग नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर रीतसर तुलना झाली (प्रसिद्धी २०१७): निम्म्यांना तीन आठवडे प्लास्टर, निम्म्यांना दोन-चार दिवसांत हालचाल. लवकर हलवणारे सरासरी १० दिवसांत कामावर परतले, प्लास्टरवाले १८ दिवसांत. पुन्हा निखळलं कुणाचंच नाही. म्हणजे इथे नव्या अभ्यासाने उपचार वाढवले नाहीत, कमी केले. सहा आठवड्यांचं प्लास्टर सोडाच, तीन आठवडेसुद्धा बहुतेकांना लागत नाहीत.

‘मग जोर लावून सरळ करा.’

नका करू. कोपराभोवतालच्या दुखावलेल्या स्नायूंत नको तिथे हाड तयार होण्याची खोड असते, आणि दुसऱ्याने जोराने ताणणं किंवा रगडून मालिश करणं तिला खतपाणी घालतं. हालचाल रुग्णाने स्वतःच्या ताकदीने, दुखेल तिथे थांबत करायची. शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ झाले नाहीत तरी रोजच्या बहुतेक कामांना अडत नाही. ३० ते १३० अंशांची (शून्य म्हणजे हात पूर्ण सरळ) हालचाल त्यांना पुरते, हे १९८१ मध्येच मोजून झालंय.

‘ऑपरेशन फक्त पैशांसाठी.’

साध्या निखळण्यात लिगामेंट शिवण्याचा फायदा होतो का, याची चाचणी सर्जनांनीच घेतली. १९८७ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात ३० रुग्णांत ऑपरेशन सरस ठरलं नाही, आणि तेच छापून आलं. याउलट निखळण्यासोबत रेडियसचं (कोपरापुढच्या, अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं आणि उल्नाचा (करंगळीकडच्या हाडाचा) पुढचा कोंब, दोन्ही मोडले असतील, तर ओढून बसवलेलं कोपर बऱ्याचदा प्लास्टरमध्येच पुन्हा सरकतं. याला १९९६ मध्ये सर्जन हॉचकिसने ‘टेरिबल ट्रायड’ (भयंकर त्रिकूट) म्हटलं, कारण निकाल खरंच वाईट लागायचे. २००४ पासून कोंब, रेडियसचं डोकं आणि बाहेरचं लिगामेंट असं क्रमाने दुरुस्त करण्याची पद्धत रुळली आणि निकाल बरेच सुधारले. अशा माणसाला ‘ऑपरेशन नको’ सांगणं म्हणजे त्याच्या हाताचं वाटोळं करणं.

राहिला व्हिडिओ.

त्यात दिसतं ते कोपर निखळणं नाहीच. लहान मुलाला मनगट धरून उचललं की रेडियसच्या डोक्याभोवतालचं लिगामेंटचं कडं घसरून सांध्यात अडकतं. तळहात खाली वळवत हात फिरवला की ते सुटतं, आणि मूल थोड्याच वेळात त्या हाताने खेळू लागतं. पण मूल पडलं असेल आणि कोपर सुजलं असेल, तर व्हिडिओ बघून हात फिरवू नका. मुलांच्या खऱ्या निखळण्यात कधीकधी आतल्या उंचवट्याचा तुकडा सुटून सांध्यात अडकतो, आणि तो सापडतो तो बसवल्यानंतरचा एक्स-रे कुणी नीट पाहिला तरच.