टीमचे चेहरे खरे असले म्हणून पैसा सुरक्षित होत नाही

टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गुंतवणुकीच्या गटांत एक सल्ला सतत फिरतो: "क्रिप्टो प्रोजेक्टची टीम बघा. नावं, फोटो, डिग्र्या उघड असतील, मोठे गुंतवणूकदार पाठीशी असतील, ऑडिट आणि सरकारी नोंदणी झाली असेल, तर बिनधास्त पैसे टाका. टीम निनावी असेल तर स्कॅम समजा." हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, कारण निवृत्तीचे पैसे घेऊन या बाजारात उतरणारी माणसं एवढं बघून तपास थांबवतात. या सल्ल्यामागचे दावे एकेक करून बघू.

"उघड चेहऱ्याचा माणूस पळून जात नाही." वनकॉइन या बनावट क्रिप्टो योजनेच्या संस्थापक रुजा इग्नातोवा यांचा चेहरा तर सगळ्या जगाला माहीत होता. ऑक्सफर्डमध्ये कायद्याचं शिक्षण, जर्मनीत डॉक्टरेट, मॅकिन्झीत नोकरी. जून २०१६ मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात हजारो लोकांसमोर त्यांचं भाषण झालं. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत नेरूळला याच वनकॉइनच्या प्रचारसभेतून पोलिसांनी लोकांना अटक केली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला बाई सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसल्या आणि नंतर त्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही. योजनेत चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ओतली गेली होती.

हे टाळायला एक प्रश्न पुरेसा होता: व्यवहार दिसतात कुठे? बिटकॉइनचा कुठलाही व्यवहार कुणीही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे व्यवहार दाखवणाऱ्या खुल्या साइटवर, उघडून पाहू शकतो. वनकॉइनकडे अशी खुली वही नव्हती, आणि नाण्याचा भाव कंपनीच ठरवत होती. हे डिग्री तपासून कधीच कळलं नसतं, कारण डिग्री खरी होती.

फोटोचं तर विचारूच नका. २०१८ मध्ये मिरोस्की नावाच्या प्रोजेक्टने ग्राफिक डिझायनर म्हणून चक्क अभिनेता रायन गॉसलिंगचा फोटो लावला होता. सेंट्रा टेक या क्रिप्टो कंपनीच्या साइटवरचा सीईओ 'मायकेल एडवर्ड्स' हा माणूसच अस्तित्वात नव्हता.

"शिक्षण आणि गुंतवणूकदार खोटं बोलत नाहीत." डो क्वॉन स्टॅनफर्डचे. त्यांच्या टेरा या क्रिप्टो प्रोजेक्टवर अँकर या ठेव योजनेतून जवळपास २० टक्के व्याज मिळत होतं. हे व्याज येतं कुठून, हा खरा प्रश्न होता. मे २०२२ मध्ये काही दिवसांत सुमारे ४० अब्ज डॉलरचं मूल्य नाहीसं झालं. क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एफटीएक्स एक्स्चेंजचे सॅम बँकमन-फ्रीड एमआयटीचे. त्यांच्यामागे सिकोयासारखी नामांकित गुंतवणूक कंपनी होती, आणि तिला २० कोटींहून जास्त डॉलरची गुंतवणूक शून्यावर आणावी लागली. एफटीएक्सच्या दिवाळखोरीनंतर सूत्रं हाती घेणाऱ्या जॉन रे यांनी एन्रॉन या बुडालेल्या अमेरिकी कंपनीचाही गुंता हाताळला होता. तरी कंपनीवरच्या नियंत्रणाचा इतका संपूर्ण अभाव आपण कधीच पाहिला नाही, असं त्यांनी न्यायालयाला कळवलं.

"निनावी म्हणजे स्कॅम." बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही, आणि बिटकॉइन २००९ पासून चालू आहे. कोड खुला आहे, कुणा एकाच्या हातात तिजोरी नाही, सातोशी निघून गेल्यावरही काही अडलं नाही. निनावी माणसाच्या हाती लोकांचा पैसा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वंडरलँड या क्रिप्टो प्रोजेक्टची तिजोरी सांभाळणारा 'सिफू' म्हणजे बुडालेल्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा सहसंस्थापक मायकेल पॅट्रिन, हे जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं. तो आधी अमेरिकेत फसवणुकीच्या प्रकरणात शिक्षा भोगून आला होता.

"ऑडिट आणि सरकारी नोंदणी आहे." ऑडिट म्हणजे कोडच्या एका विशिष्ट आवृत्तीची तपासणी, तिजोरीची चावी धरणाऱ्याच्या हेतूबद्दल ते काही सांगत नाही. कंपनी म्हणून नोंदणी कुणीही करू शकतं. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) होणारी नोंदणी संशयास्पद व्यवहार कळवण्यासाठी असते, तुमच्या पैशांची हमी म्हणून नव्हे.

टीम तपासाच, पण वेगळे प्रश्न घेऊन. नवी टोकन (प्रोजेक्टची नाणी) छापायचा अधिकार कुणाकडे आहे? तिजोरीतून पैसे काढायला एक सही पुरते की अनेक लागतात? टीमची स्वतःची टोकन किती काळ लॉक आहेत, म्हणजे विकता येणार नाहीत, आणि तो लॉक ब्लॉकचेनवर दिसतो का? सांगितलेली भागीदारी समोरची कंपनी मान्य करते का? आधीच्या प्रोजेक्टमध्ये लोकांच्या पैशांचं काय झालं? हे विचारणाऱ्यालाच गटातून काढून टाकणारी टीम असेल, तर तिथे मी एक रुपयाही टाकणार नाही.