लुईवाडी

सांगलीच्या एका शाळेत मी 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘प्रॉपर नाउन’ हा माझा हुकमी धडा. गावाच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, त्याच्या आधी ‘द’ लावायचा नाही, आणि स्पेलिंग चुकलं की दहा वेळा लिहून आणायचं. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नसल्यामुळे पोरं सांगलीचा एस हमखास बारका काढायची आणि मी अर्धा मार्क कापायचो. त्या अर्ध्या-अर्ध्या मार्कांचे तळतळाट मला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लागले.

मुलगी राहते त्या गावाचं स्पेलिंग एल-ओ-यू-आय-एस आणि पुढे व्हिल. मी विमानात शेजाऱ्याला ठणकावून ‘लुईसव्हिल’ म्हणून सांगितलं. त्याने अशा नजरेने पाहिलं, की एखाद्याने आपल्याला ‘सँगलाय’ला जायचंय म्हणावं. गावाला 1780 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईचं नाव दिलं. 1793 मध्ये फ्रेंचांनी त्याचं मुंडकं उडवलं. केंटकीकरांनी नुसता एस उडवला. उरलेल्याचा उच्चारही प्रत्येक जण आपापल्या सवडीने करतो. कुणी लुईव्हिल, कुणी लुअव्हल, आणि अस्सल गावकरी तर तोंडात गोट्या धरल्यासारखं काहीतरी पुटपुटतो.

बरं, म्हटलं, इथे फ्रेंच वळण चालतं. पुढच्या शनिवारी जवळच्या एका गावाची पाटी वाचून मी पेट्रोलपंपावर ऐटीत विचारलं, “व्हर्साय कुठल्या बाजूला?” तो म्हणाला, “व्हरसेल्स.” इथे एस तर आलाच, वर दोन्ही एल वाजवून घेतले! लेक्सिंग्टनजवळचं अथेन्स हे ‘एथन्स’, शेजारच्या इलिनॉयमधलं कैरो हे ‘केरो’. जगातली नामांकित गावं इथे आणून त्यांचं पुन्हा बारसं केलेलं.

नातवाने आणखी भर घातली. “आजोबा, पिट्सबर्गच्या शेवटी एच असतो का?” असतो. पण 1891 मध्ये सरकारच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने तो काढून टाकला होता. पिट्सबर्गकर हट्टाला पेटले आणि 1911 मध्ये त्यांनी तो परत मिळवला. उच्चारात नसलेल्या अक्षरासाठी 20 वर्षं! मला आमच्या भावकीतला बांधाचा दावा आठवला आणि अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

या सगळ्यात आमच्या हिचं काही अडलं नाही. बहिणीला फोनवर सांगत होती, “अगं, अटलांट्याला विमान बदललं.” मी म्हटलं, “अटलांट्याला काय? अटलांटाला म्हण.” तर म्हणे, “पाटणा-पाटण्याला, सातारा-साताऱ्याला, मग अटलांटा-अटलांट्याला. तुमचं सामान्यरूप कुठे गेलं?” मी गप्प. लुईचं गाव तर तिने पहिल्याच दिवशी निकालात काढलं होतं. व्हिल म्हणजे वाडीच की. आपली नरसोबाची, तशी ही लुईची. “आम्ही लुईवाडीला सुखरूप पोचलो.”

आम्ही पोचलो होतो. हिची बॅग मात्र पोचली नव्हती. विमान कंपनीच्या नंबरावर फोन लावला तर पलीकडे यंत्र. बॅग कुठे पोचवायची, गावाचं नाव सांगा. मी वर्गात सांगावं तसं अक्षर न् अक्षर मोकळं करून म्हणालो, “लुईसव्हिल.” यंत्र आनंदाने म्हणालं, “लुईसव्हिल, टेक्सस. बरोबर?” त्या नावाचं गाव तिकडे डॅलसजवळ खरोखरच आहे, स्पेलिंग वेगळं आणि एस शाबूत. “नो!” मग जावयासारखं म्हणून पाहिलं, “लव्हल.” “लोवेल, मॅसॅच्युसेट्स. बरोबर?” एकूण सात वेळा फोन केला. हिच्या चार साड्या आणि मेतकूट माझ्या उच्चारागणिक अमेरिकाभर हिंडत होते.

ही शेजारी बेसनाचा लाडू खात बसली होती. ते डबे तिने हातातल्या पिशवीत ठेवले होते म्हणून वाचले. “द्या इकडे,” म्हणाली, म्हणजे तसं काहीतरी म्हणाली, कारण तोंडात अर्धा लाडू होता. टाळ्याला चिकटलेल्या बेसनातून एक शब्द कसाबसा बाहेर पडला, “लूअव्ल.”

“लुईव्हिल, केंटकी,” यंत्र म्हणालं. “बरोबर?”

बॅग दुसऱ्या दिवशी दारात. तेव्हापासून बाहेर फोन करायचा झाला की मी आधी स्वयंपाकघरात जाऊन येतो. परतीच्या तारखेला अजून सात आठवडे आहेत आणि डब्यात चारच लाडू उरलेत.