लखपत एका रात्रीत ओस पडलं नाही

कच्छच्या वायव्य टोकाला, कोरी खाडीच्या काठावर असलेल्या लखपतबद्दलचा एक मजकूर सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की सिंधू नदी या किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळायची आणि शहराचं रोजचं उत्पन्न एक लाख कोरी (कच्छचं जुनं नाणं) होतं. १८१९ च्या भूकंपात नदीने एका रात्रीत पाठ फिरवली, लोक भरल्या ताटावरून उठून पळाले आणि तेव्हापासून हे शापित गाव निर्मनुष्य आहे. अंधार पडल्यावर तिथे थांबू नये. शिवाय वर एक फोडणी: ‘मुसलमान राजाने हिंदूंचं बंदर संपवलं.’ हे वाचून माझ्या मावशीने कच्छच्या सहलीतून लखपत काढून टाकायला लावलं आणि बरोबरच्या बायकांनाही तेच सांगितलं. आता गप्प बसवत नाही.

शापाचं आधी. लखपतमध्ये माणसं राहतात. फार नाहीत, काहीशेच, पण राहतात. तटाच्या आत गुरुद्वारा आहे. गुरु नानक प्रवासात इथे मुक्कामाला होते अशी श्रद्धा आहे, त्यांच्या पादुका तिथे जपल्या आहेत. २००१ च्या भूकंपात त्या वास्तूची पडझड झाली. ती इतक्या काळजीने दुरुस्त केली गेली की २००४ मध्ये युनेस्कोने तिला पुरस्कार दिला. ज्या गावाला चार प्रवासी आले तर चार पैसे मिळतात, त्याला घरबसल्या भुताचं गाव ठरवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

लाख कोरींचं थोडक्यात. कोरी म्हणजे रुपया नव्हे. साधारण पावणेचार कोरींचा एक रुपया व्हायचा. रोज एक लाख म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त कोरी. अख्ख्या कच्छ राज्याचा वसूलही त्याच्या आसपास नव्हता. आणि लखपतला यायचा तो सिंधूचा मुख्य प्रवाह नव्हता. इथे यायची ती तिची पूर्वेकडची शाखा, पुराण.

आता ‘एका रात्रीत’. या मजकुरातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच, कारण तिच्यामुळे माणसांनी केलेलं कृत्य निसर्गाच्या नावावर जमा होतं. अलेक्झांडर बर्न्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२७ आणि १८२८ मध्ये या भागात स्वतः हिंडला आणि त्याने या शाखेवर सविस्तर टिपण लिहिलं. तो सांगतो की सिंधचा कल्होडा राजा गुलाम शाह याने कच्छशी १७६२ ची झाऱ्याची लढाई झाल्यावर मोरा इथे मातीचा बांध घालून कच्छकडे येणारं पाणी अडवलं. पुढे १८०२ च्या सुमारास सिंधचे नंतरचे राज्यकर्ते तालपूर मीर यांनी अली बंदरला आणखी एक बांध घातला. लखपतच्या आसपास, सायरा भागात, सिंधूच्या पाण्यावर भात पिकायचा. तो गेला. शेत गेलं की शेतसारा गेला, गोडं पाणी गेलं की खाडी गाळाने भरायला लागली. भूकंपाआधी लखपतजवळ ओहोटीला जेमतेम फूटभर पाणी उरायचं, माणूस चालत पलीकडे जायचा.

आणि भूकंपाने काय केलं? खाडी खोल केली! ओहोटीलाही अठरा फुटांहून जास्त पाणी राहू लागलं, होड्या पुन्हा फिरू लागल्या. १८२६ च्या पुरात तर सिंधूने वरचे बांध फोडले, भूकंपाने वर आलेला अल्लाबंद नावाचा उंचवटाही कापला आणि तिचं पाणी पुन्हा लखपतपर्यंत पोचलं. ज्या नदीने म्हणे कायमची पाठ फिरवली, ती सात वर्षांत परत आली होती.

भूकंप किरकोळ होता असं मी म्हणत नाही. लखपतच्या वरच्या बाजूला रणातलं सिंद्रीचं ठाणं पाण्याखाली गेलं. बर्न्स होडीने तिथे पोचला तेव्हा एक बुरूज तेवढा वर उरला होता. भुजमध्ये हजारो घरं पडली. नदीच्या वाटेत अल्लाबंदचा मैलोन्‌मैल लांबीचा उंचवटा उभा राहिला, ही गोष्टही खरी. पण तो आडवा आला तो आधीच अडवलेल्या नदीला.

हिंदू-मुसलमान फोडणीबद्दल एवढंच: लखपतचा आज दिसणारा तब्बल सात किलोमीटरचा तट १८०१ मध्ये कच्छसाठी बांधून घेतला तो तिथला कारभार पाहणाऱ्या जमादार फतेह महंमद या मुसलमान सरदाराने. बांध हे दोन राज्यांचं पाण्यावरचं वैर होतं.

राहिलं भरल्या ताटावरून उठून पळणं. जुन्या मुंबई गॅझेटियरनुसार १८२० मध्ये, म्हणजे भूकंपाच्या दुसऱ्याच वर्षी, लखपतची वस्ती सहा हजार होती आणि १८८० च्या सुमारास अडीच हजार. गाव सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या रिकामं होत गेलं. नियमित गोडं पाणी परत आलं नाही, १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर कराची वाढत गेली आणि १८५१ पर्यंत लखपतचा व्यापार संपला होता. तरीही १८५५ मध्ये पीर घौस महंमद वारले, तेव्हा भक्तांच्या पैशातून त्यांच्यासाठी काळ्या दगडाची कोरीव कबर उभारायला घेतली गेली. ती आजही तिथे पाहता येते.