न्यूटनचे नियम बदलले नाहीत, म्हणून अभ्यासक्रमही बदलू नये?

विद्यापीठातील विज्ञानाच्या पदव्यांविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : विज्ञानाची मूलतत्त्वे बदलत नाहीत, न्यूटनचे नियम आणि आवर्तसारणी पूर्वी होती तशीच आहे, त्यामुळे दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलणे निरर्थक आहे, नवे विषय घुसडल्याने पाया कच्चा राहतो, ज्याला नवे ज्ञान हवे त्याला ते आंतरजालावर मिळतेच, आणि हे सारे बदल शेवटी पदवीला आकर्षक नाव देण्यासाठी केले जातात. यांतल्या शेवटच्या विधानात बरेच तथ्य आहे आणि दुसऱ्यामागची काळजी खरी आहे. तरीही त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा आणि विद्यार्थ्यांचे नुकसान करणारा वाटतो, म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देतो.

पहिले विधान मूलतत्त्वांचे. न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील सिद्धता मुख्यतः भूमितीच्या भाषेत आहेत. आज प्रथम वर्षाचा विद्यार्थी तेच नियम सदिशांच्या (व्हेक्टर) भाषेत शिकतो, आणि ती भाषा गिब्ज व हेविसाइड या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवली. मॅक्सवेलने १८६५ साली मांडलेली वीज आणि चुंबकत्वाची वीस समीकरणे चार समीकरणांत बसवण्याचे कामही हेविसाइडचेच. म्हणजे ज्याला आपण न बदललेला पाया म्हणतो, तो वर्गात पोहोचतो तो अनेकदा नव्याने मांडूनच. नियम तेच राहिले हे खरे आहे, पण ते शिकवण्याची रीत तीच राहिली असती तर आजच्या एका सत्रात जेवढे यामिकशास्त्र शिकवून होते तेवढे झाले नसते.

शिवाय मूलतत्त्वे कधीच बदलत नाहीत, हेही सरसकट खरे नाही. पर्वत कसे तयार होतात याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भूशास्त्राचे विद्यार्थी भूद्रोणीच्या कल्पनेने देत : लांबच लांब खोलगट भागात गाळ साचतो आणि पुढे तो दाबला जाऊन वर उचलला जातो. वेगेनरने १९१२ साली मांडलेली खंडांच्या सरकण्याची कल्पना बहुतेकांनी नाकारली होती. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ सागरतळ पसरत असल्याची खूण असा लावला, आणि त्या दशकाच्या अखेरीस पृथ्वीचे कवच सरकत्या तुकड्यांचे बनलेले आहे असे सांगणाऱ्या भूपट्टांच्या सिद्धांताने साऱ्या विषयाची मांडणी पालटली. त्या काळात ज्या विभागाने ‘पाया तोच आहे’ असे म्हणून जुना अभ्यासक्रम चालू ठेवला असेल, त्याने आपल्या पदवीधरांना त्यांच्याच शास्त्राची भाषा न येणारे करून बाहेर पाठवले असेल.

ज्या आवर्तसारणीचा दाखला दिला जातो, तीही स्थिर नाही. तिच्या सातव्या ओळीतील ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना अधिकृत नावे २०१६ साली मिळाली. हायड्रोजनचा प्रमाण अणुभार आता एका संख्येऐवजी १.००७८४ ते १.००८११ असा पट्टा म्हणून दिला जातो, कारण समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, प्रमाण नमुन्यागणिक बदलते. २० मे २०१९ पासून तर पदार्थाचे प्रमाण मोजण्याच्या ‘मोल’ या एककाची व्याख्याच उलटली. पूर्वी कार्बन-१२ च्या नेमक्या १२ ग्रॅममधील अणूंची संख्या म्हणजे एक मोल अशी व्याख्या होती, आता ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात ही संख्या निश्चित केलेली आहे, आणि कार्बन-१२ च्या एका मोलचे वस्तुमान ही मोजून ठरवायची राशी झाली आहे. व्यवहारात फरक नगण्य आहे. परंतु व्याख्या कोणती आणि मापन कोणते हा भेद शिकवणे हेच तर विज्ञानाच्या पदवीचे काम आहे, आणि जुनी व्याख्या पाठ करून घेणारा अभ्यासक्रम नेमका तोच भेद पुसतो.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे. श्रेयांक आणि तासिका मर्यादित असतात. काहीही न वगळता नवे घटक भरत गेले तर पाया खरोखरच कच्चा राहतो. मात्र याचे उत्तर काहीच न बदलणे हे नसून काय वगळायचे ते धैर्याने ठरवणे हे आहे, आणि अभ्यासमंडळाच्या बैठकीत सर्वात अवघड प्रश्न तोच असतो, कारण प्रत्येक घटक कोणाचा तरी आवडता असतो. उदाहरणादाखल, हायड्रोजन सल्फाइड वापरून क्षारांचे गुणात्मक विश्लेषण करण्यात कित्येक प्रात्यक्षिके खर्ची पडत आली आहेत. हा वायू विषारी आहे, आणि आयन ओळखण्यासाठी प्रयोगशाळा आता प्रामुख्याने उपकरणांवर अवलंबून असतात. तरीही हे प्रात्यक्षिक मुळापासून काढू नये असे माझे मत आहे, कारण विद्राव्यता गुणाकार (क्षार किती विरघळेल हे ठरवणारी संख्या) आणि रासायनिक समतोल त्यातून हाताला कळतात. पण त्यासाठी दोन-तीन तासिका पुरेत, सारे सत्र नको. उरलेल्या वेळात वर्णपटाचे वाचन आणि मापनातील अनिश्चितता शिकवता येईल.

अनिश्चितता आणि संख्याशास्त्र यांना मी नवे विषय मानतच नाही. ते पायातले सुटलेले दगड आहेत. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष पुन्हा मिळाला. असे का होते हे पदवीधराला समजावून सांगता येत नसेल, तर त्याचा पाया कच्चाच आहे, मग त्याने जुना अभ्यासक्रम कितीही निष्ठेने पुरा केलेला असो. क्रमाचेही तसेच. पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आधी आणि तिला लागणारे रेषीय बीजगणित नंतर अशी रचना असेल, तर एकही नवा घटक न घालता केवळ क्रम बदलल्याने पाया मजबूत होतो, आणि तोही अभ्यासक्रमातील बदलच आहे.

आंतरजालावर सारे मिळते हे तिसरे विधान माहितीपुरते खरे आहे. प्रथिनांच्या अंदाजित रचनांचा अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीचा साठा कोणालाही खुला आहे आणि त्यात २० कोटींहून अधिक रचना आहेत. मात्र त्यातील कोणत्या भागावर कितपत विश्वास ठेवायचा आणि प्रयोगाने ठरवलेल्या रचनेपेक्षा हा अंदाज कुठे कमी पडतो, हे जाणत्या शिक्षकासमोर चुका करत शिकावे लागते. ज्याच्या घरी मार्गदर्शन आहे तो ते कसेही मिळवील. ज्याच्याकडे फक्त विद्यापीठ आहे, त्याला अभ्यासक्रमाबाहेर ठेवलेले ज्ञान बहुधा मिळतच नाही. म्हणून हा युक्तिवाद मला अन्यायाचा वाटतो.

उरले पदवीच्या नावाचे. जुन्याच विषयांची मोळी बांधून तिला विदा विज्ञान (डेटा सायन्स) असे नाव देण्याचे प्रकार होतात, आणि त्यांचा निषेध मीही करतो. पण खरा बदल कुठला हे ओळखण्याची खूण अवघड नाही : प्रश्नपत्रिका आणि प्रात्यक्षिकांची वही पाहावी. त्या दोन्ही पूर्वीसारख्याच असतील, तर अभ्यासक्रम कागदावर बदलला आहे. शिक्षकांना नवा घटक तयार करण्यासाठी एखाद्या सत्राचा तरी वेळ दिला आहे का, हेही विचारावे. तसेच जुन्या नियमांखाली प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना त्याच नियमांखाली पदवी पुरी करता येईल, त्यांचे राहिलेले विषय किती वर्षे परीक्षेला ठेवले जातील आणि कोणत्या जुन्या विषयाऐवजी कोणता नवा विषय चालेल, याचा तक्ता बदल लागू होण्याआधीच प्रसिद्ध झाला पाहिजे. जिथे हा तक्ता नसेल तिथे बदलाला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने मीही उभा राहीन, आणि माझी मागणी तो तक्ता आधी तयार करण्याची असेल.